खाडीकाठची खारफुटी आणि आपल्या ओढ्याचा काठ



आपल्या अर्धापुरापासून समुद्र साडेचारशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिलेलाही नसेल. मग या पत्रकात समुद्रकाठच्या झाडांची माहिती कशाला, असे कुणीही विचारील. विचारणे रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

आपल्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून आसना नदीला जातो. आसना नांदेडजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी धर्माबादेच्या पुढे तेलंगणात शिरते, मग आंध्रात राजमहेंद्रीवरून खाली जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी, काकिनाडा शहराजवळ, कोरिंगा नावाचे खाऱ्या पाण्यातले मोठे जंगल आहे. १९७८ साली ते अभयारण्य म्हणून राखले गेले. त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. हे जंगल ज्या गाळावर उभे आहे तो गाळ गोदावरीने हजारो वर्षे वाहून नेला. त्यात आपल्या काळ्या रानाचीही माती आहे. म्हणजे समुद्र आपल्यापासून लांब असला तरी आपले पाणी आणि आपली माती त्याच्यापर्यंत पोचलेली आहे.

हे झाले एक कारण. दुसरे त्याहून महत्त्वाचे. या झाडांची तोड झाली तेव्हा काठची गावे उघडी पडली. पुढे काही गावांनी मिळून ती राखली, आणि राखता राखता त्यातून चार पैसेही मिळवले. हे कसे जमले ते समजून घेतले, तर आपल्या ओढ्याच्या आणि नदीच्या काठाचे काय करायचे याचा उलगडा होतो. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात किती जमीन खरडून गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच समजा.

खारफुटी म्हणजे काय?

भरतीचे पाणी जिथे चढते आणि ओहोटीला उतरते, अशा खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या झाडांना खारफुटी म्हणतात. कोकणात यालाच कांदळवन असेही म्हणतात. कांदळ, तिवर, चिपी ही त्यातली नेहमी आढळणारी झाडे. पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

आपल्याकडचे कोणतेही झाड अशा जागी लावले तर आठ दिवसांत जळून जाईल. एक तर पाणी खारट, दुसरे म्हणजे चिखल इतका घट्ट की मुळांना हवा मिळत नाही. खारफुटीने यावर उपाय काढला आहे. तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी ती दिसतात. कांदळाच्या बुंध्याला चहूबाजूंनी मुळांचे टेकू फुटतात, जसे आपण घडाने वाकलेल्या केळीला टेकू देतो. तिवराच्या पानावर मिठाचा थर दिसतो, कारण जास्तीचे मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकते.

बियांचीही गंमत आहे. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. हिरव्या शेंगेसारखे लांब कोंब फांदीला लोंबत असतात. ते पक्व झाले की खाली पडतात. काही चिखलात जागच्या जागी रोवले जातात, काही पाण्याबरोबर तरंगत दुसऱ्या काठाला लागतात. जागा चांगली असेल आणि पाणी वाहते असेल, तर कुणी न लावताही हे जंगल वाढते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

या झाडांचा उपयोग काय?

आपण केळीच्या बागेभोवती शेवरी लावतो. कशासाठी? उन्हाळ्यातला तापलेला वारा आणि पावसाळ्याआधीचे वादळ अंगावर घ्यायला. शेवरी वाकते, झोडपली जाते, पण आतली केळ वाचते. खारफुटी ही समुद्रकाठच्या गावांची शेवरीच म्हणायची. वादळात समुद्राचे पाणी उसळून जमिनीकडे धावते, तेव्हा त्याचा जोर या दाट मुळांत आणि खोडांत मोडतो.

याचा एक पुरावा सांगतो. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या किनाऱ्यावर फार मोठे चक्रीवादळ आले. हजारो माणसे दगावली. नंतर अभ्यासकांनी तिथल्या तीन गावांचे घरटी नुकसान मोजले. एका गावापुढे खारफुटीचे जंगल होते. दुसऱ्या गावापुढे जंगल नव्हते आणि बांधही नव्हता. तिसऱ्या गावापुढे जंगल नव्हते, पण मातीचा बांध होता. सर्वांत कमी नुकसान जंगलाआडच्या गावाचे झाले, यात नवल नाही. पण सर्वांत जास्त नुकसान झाले ते बांध असलेल्या गावाचे. बांध फुटला, खारे पाणी आत शिरले, आणि उरलेल्या बांधामुळे ते लवकर बाहेर निघेना. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. यावरून बांध घालू नये असा अर्थ काढू नका. नुसत्या बांधावर विसंबून राहू नये, बांधापुढे झाडही हवे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा उपयोग मासळीचा. कोळंबी, चिंबोरी म्हणजे खेकडे, आणि कितीतरी जातींचे मासे लहानपणी या मुळांच्या जाळीत आसरा घेतात. मोठे मासे तिथे शिरू शकत नाहीत. एका अर्थी ही मासळीची रोपवाटिका आहे. रोपवाटिका मोडली तर पुढच्या हंगामात जाळे रिकामे येते, हे कोळी बांधव अनुभवाने जाणतात.

तिसरा उपयोग सगळ्या जगाचा. झाडे हवेतला कार्बन वायू शोषून घेतात हे आपण ऐकलेले आहे. खारफुटीच्या चिखलात पाला, मुळे, काटक्या हवेअभावी कुजत नाहीत, शेकडो वर्षे दबून राहतात. त्यामुळे एक हेक्टर खारफुटीत साठलेला कार्बन हा उष्ण प्रदेशातल्या साध्या जंगलापेक्षा तीन ते पाच पट भरतो, असे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. हवामान तापत चालले आहे. पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एका रात्रीत महिन्याचा पडतो, हे आपण भोगतोच आहोत. अशा वेळी साठून राहिलेला कार्बन झाडतोडीने पुन्हा हवेत सोडणे कुणाच्याच हिताचे नाही.

मग तोड का झाली?

वाईट बुद्धीने कुणी केली असे नाही. जळणाला लाकूड हवे होते, घराला वासे हवे होते. शहरे वाढली तशी खाडी भरून जागा काढण्यात आली. कुठे कोळंबीची तळी झाली, कुठे कचरा टाकला गेला. खारफुटी ही कुणाच्या मालकीची दिसत नव्हती, म्हणून सगळ्यांनी घेतली आणि राखली कुणीच नाही. आपल्याकडे गायरानाचे जे झाले तेच.

याचा फटका कोकणातल्या शेतकऱ्याला कसा बसतो ते पहा. रायगड, रत्नागिरी या भागांत खाडीलगत खारजमिनीत भातशेती होते. खाडीचे पाणी अडवायला मातीचे लांब बांध असतात, त्यांना खारबंदिस्ती म्हणतात. पावसाचे पाणी बाहेर सोडायला बांधात दार ठेवतात, त्याला उघाडी म्हणतात. पूर्वी गावकरी मिळून या बांधांची निगा ठेवत. १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा झाला. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारेपण सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा भाताच्या जाती दिल्या.

बांधापुढे खारफुटी असली की लाटेचा मार थेट मातीवर बसत नाही. ती तोडली की उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडते आणि खारे पाणी भातात शिरते. ते वर्ष तर गेलेच, पण मीठ धुऊन निघायला पुढचेही पावसाळे लागतात. आणखी एक घोटाळा होतो. खांड वेळेवर बुजवली नाही, तर भरतीबरोबर बी येऊन शेतातच खारफुटी उगवते. मग ती कायद्याने तोडता येत नाही आणि शेतही करता येत नाही. म्हणजे खारफुटीची जागा बांधाच्या बाहेर आणि पिकाची आत. दोन्ही राखायची तर बांधाची डागडुजी आणि झाडाची राखण बरोबरच करावी लागते.

कायदा आला, पण पुरला का?

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटी तोडण्यास मनाई केली. २०१८ च्या निकालाने ती राज्यभर पक्की झाली. खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव ठरला. २०१२ साली राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. याचा उपयोग निश्चित झाला. वनसर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर खारफुटी नोंदलेली आहे.

पण विचार करा. खाडीच्या शेकडो वळणांवर रखवालदार किती उभे करणार? आणि ज्याच्या घरात संध्याकाळच्या चुलीला काटकी नाही, त्याला नुसती मनाई सांगून काय होणार? आधी पोटोबा, मग विठोबा. म्हणून पुढचा विचार असा झाला की, झाड उभे ठेवण्यातच गावाचा फायदा असला पाहिजे.

झाड उभे, आणि घरात पैसाही

२०१७ साली राज्य शासनाने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. तिची रीत अशी. खाडीकाठच्या गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती नेमायची. गावाने आपल्या हद्दीतली खारफुटी राखायची. त्याबदल्यात गावातल्या बचतगटांना आणि तरुणांना असे धंदे उभे करून द्यायचे, की जे झाड न तोडता चालतात. खर्चाचा मोठा वाटा शासन उचलते, थोडा वाटा गट घालतो.

धंदे कोणते? खाडीकाठी जाळीच्या आवारात चिंबोऱ्या वाढवणे. बांबूच्या तराफ्याला दोऱ्या सोडून त्यावर कालवे वाढवणे. पिंजऱ्यात जिताडा मासा पाळणे. शोभेचे मासे वाढवणे. आणि पाहुण्यांना नावेतून खारफुटी दाखवणे.

शेवटच्या धंद्याचे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला आहे. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी नावाच्या महिला बचतगटाने २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. मासळीच्या धंद्यातल्या या बायका. त्यांनी खारफुटीच्या जाती, पक्षी यांची माहिती करून घेतली, नाव वल्हवायला घेतली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हे जंगल दाखवून त्याचे पैसे घेऊ लागल्या. आता सांगा, त्या खाडीत कुणी कोयता घेऊन शिरला तर पहिली हाक कोण मारील? ज्यांचे पोट त्या झाडावर आहे त्याच मारतील. त्यासाठी वेगळा रखवालदार नेमावा लागत नाही.

परदेशातही हेच दिसते. आफ्रिकेत केनिया देशात गाझी नावाच्या खाडीवर गावकऱ्यांनी ११७ हेक्टर खारफुटी राखायला घेतली. ती झाडे जो कार्बन साठवतात, त्याच्या मोबदल्यात २०१३ पासून त्यांना बाहेरून पैसे मिळतात. ते पैसे कुणा एकाच्या खिशात जात नाहीत. गावाच्या पाणीयोजनेला आणि शाळेला लागतात. खर्च कशावर करायचा हे गाव बसून ठरवते.

तिन्ही ठिकाणचे सार एकच आहे. झाड गावाने राखले, कारण फायदा गावाला मिळाला. आणि फायदा कुणाचा किती, हे आधी ठरले होते.

रोपे लावली म्हणजे झाले असे नाही

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी आपल्या काळ्या रानालाही तंतोतंत लागू आहे.

तोड झालेल्या जागी पुन्हा रोपे लावली की जंगल उभे राहील, असे पूर्वी सगळ्यांना वाटे. फिलिपीन्स देशात मोठमोठ्या लागवडी झाल्या. पण पुष्कळ रोपे मेली, कारण ती चुकीच्या जागी लावली होती. जिथे मुळात खारफुटी कधी उगवत नव्हती, जिथे पाणी दिवसभर खोल राहते, तिथेही रोपे खोचली गेली.

तामिळनाडूत पिचावरम येथे जंगल का मरते आहे याचा शोध चेन्नईच्या स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाने घेतला. तिथे पूर्वी एकेका पट्ट्यातली सगळी झाडे एकदम तोडत असत. तोडलेल्या जागेवर ऊन पडून चिखल सुकला, खाली बसला, आणि मधोमध बशीसारखा खोलगट भाग झाला. भरतीचे पाणी त्यात येई, पण ओहोटीला निघून जाईना. साचलेले पाणी उन्हाने उडून जाई आणि मीठ मागे राही. दर भरतीला थोडे थोडे मीठ वाढत गेले, आणि खारट पाण्यातलीच ही झाडे, तीही त्या मिठाने मेली.

उपाय काय केला? आधी रोपे लावली नाहीत, आधी चर खोदले. मधे मोठा चर, त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे छोटे चर, मासळीच्या काट्यासारखे. पाणी येऊ-जाऊ लागले, मीठ धुऊन निघाले, आणि मग रोपे धरली. हे काम काठच्या गावांच्या समित्यांना बरोबर घेऊन केले गेले. १९९६ नंतरच्या काळात हीच पद्धत आंध्रात आपल्या गोदावरीच्या मुखाशीही वापरली गेली.

बंधूंनो, हे ऐकून काही आठवले का? आपल्याकडे इसापूरच्या कालव्याचे पाणी आले, केळी आणि हळद वाढली. पण काळी जमीन, पाणी भरमसाट, आणि निचऱ्याला वाट नाही, अशा वावरात काय होते? पाणी साचते, उन्हाने उडते, मीठ वर येते. वर पांढरी बुरशीसारखी खपली दिसते, केळीच्या पानाच्या कडा करपतात. पिचावरमच्या खोलगट चिखलात जे झाले, तेच आपल्या सखल वावरात होते. उपायही तोच. आधी निचऱ्याचा चर, मग बाकीचे. तुमच्या एकट्याच्या वावरातला चर शेजाऱ्याच्या बांधाशी थांबला तर उपयोग नाही. तो ओढ्यापर्यंत गेला पाहिजे, म्हणजे चार-पाच जणांनी मिळूनच काढावा लागतो. जमीन खारवट आहे की चोपण आहे, हे माती तपासूनच ठरवावे. जिप्सम चोपण जमिनीला लागते. तपासणीशिवाय टाकून पैसे घालवू नयेत.

आपल्या ओढ्याचा काठ

आता शेवटच्या आणि मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे खारफुटी नाही. पण काठ राखणारी झाडे आपल्याकडेही होती. ओढ्याच्या कडेला शिंदी, करंज, उंबर, जांभूळ, निरगुडी, पाण्याजवळ लव्हाळा आणि वाळा. ती कुठे गेली? काही जळणाला, काही वीटभट्टीला. आणि पुष्कळशी, खरे बोलायचे तर, आपणच काढली, दोन तास जास्त पेरायला मिळावेत म्हणून. ओढ्याच्या कडेपर्यंत नांगर गेला आणि काठ उघडा पडला.

पूर ओसरल्यावर नुकसानीच्या पाहणीला फिरताना एकाच ओढ्यावर दोन तऱ्हा दिसतात. जिथे कडेपर्यंत पेरलेले असते, तिथे काठ ढासळून मातीचा थर निघून गेलेला, खाली मुरूम उघडा. थोडे पुढे जिथे करंजीची रांग किंवा शिंदीचे बन शिल्लक असते, तिथे पाणी चढून गेलेले, पीक आडवे झालेले, पण माती जागेवर. पीक पुढच्या हंगामात पुन्हा घेता येते. गेलेली माती आपल्या हयातीत परत येत नाही.

यावर शेतकरी दोन हरकती घेतात, त्या खोट्या नाहीत. पहिली, झाडाची सावली पडून कडेच्या ओळी कमी पिकतात. दुसरी, कडेला पट्टा सोडला तर तेवढी जमीन अडते. लहान खातेदाराला हे परवडावे कसे? म्हणूनच कोकणातली रीत इथे कामी येते. पट्टा मोकळा न ठेवता त्यातून काही उत्पन्न येईल अशीच झाडे लावायची.

पट्ट्याची रचना अशी ठेवा.

पाण्यालगत, उताराच्या पायथ्याशी वाळा आणि लव्हाळा. वाळ्याचे ठोंब उताराला आडव्या ओळीत, १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर लावावेत. मुळे सरळ खोल जातात आणि ओळ भिंतीसारखी गाळ धरते. काठावर लावलेल्या वाळ्याची मुळे मात्र विक्रीसाठी खणू नका, नाहीतर काठच खणला जाईल. वरचा पाला कापून गवत म्हणून वापरा.

उतारावर निरगुडी, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. करंजीच्या बिया विकता येतात, पेंड खताला चालते. जांभळाला आता बाजार चांगला आहे.

माथ्यावर, शेताच्या बाजूला, मानवेल बांबूची बेटे ४ ते ५ मीटर अंतरावर, आणि मधे शेवगा किंवा सीताफळ. बांबूची तोड चार-पाच वर्षांनी सुरू होते. केळीला टेकू देण्यासाठी आपण दरसाल बांबू विकत आणतो, तो घरचाच होईल.

ओढ्याच्या पात्रात मात्र झाड लावू नका. पात्रात माजलेली बेशरम पाणी अडवते आणि ते शेतात वळवते. ती काढा, पण काठावरच्या झाडाला हात लावू नका. ओढा खोल-रुंद करण्याचे यंत्राचे काम निघाले, तर काठची झाडे उपटून मोकळी कड उघडी ठेवू देऊ नका. आणि उकरलेली माती काठावर सैल टाकून ठेवू नका, पहिल्या पुरात ती पुन्हा पात्रात येते.

लागवड चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावर करावी. पहिली तीन वर्षे निगा आणि चराईबंदी लागते. गवत कापून न्यावे, जनावर आत सोडू नये.

एकट्याचे काम नव्हे

एका शेतकऱ्याने आपला काठ बांधला आणि वरच्याने उघडा ठेवला, तर पाणी वरून फोडून मागून येते. म्हणून ओढ्याच्या एका बाजूचे सगळे खातेदार एकत्र बसले पाहिजेत. गाव करी ते राव न करी. कसे बसायचे?

आधी गाव नकाशा घेऊन ओढ्याच्या काठाने सगळ्यांनी मिळून चालत जावे. कुठे काठ ढासळतो, कुठे पाणी साचते, कुठे जुनी झाडे शिल्लक आहेत, ते नोंदवावे. जिथे जुनी झाडे शिल्लक आहेत, ती आधी राखावी. खारफुटीप्रमाणेच इथेही, बी पडायला आणि रोप धरायला जागा दिली, तर अर्धे काम झाडे आपली आपण करतात.

मग ग्रामसभेत ठराव करावा. कोणते झाड तोडायचे नाही, चराई किती वर्षे बंद, नियम मोडला तर काय, हे त्यात लिहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फायद्याची वाटणी लिहावी. खासगी काठावरचे उत्पन्न त्या खातेदाराचे. सरकारी किंवा गावठाणाच्या काठावरचे गवत आणि बिया कुणी न्यायच्या, हे आधी ठरवावे. भूमिहीनांचा आणि शेळी पाळणाऱ्या बायकांचा वाटा त्यात असला पाहिजे. चराईबंदीची झळ त्यांनाच आधी लागते. त्यांना वगळून केलेला नियम पहिल्या उन्हाळ्यातच मोडतो. प्रत्येक ग्रामपंचायतीत २००२ च्या कायद्याप्रमाणे जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे. आपल्या गावची कागदावर असेल तर तिला कामाला लावा. रोपे आणि बांबूच्या योजनांची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. बांध एकटा पुरत नाही. त्याच्यापुढे झाड हवे.
२. झाड एकटे राहत नाही. त्याच्यामागे गाव हवे.
३. गाव तेव्हाच उभे राहते, जेव्हा झाडातून घरात काही येते. वाटणी आधी ठरवा.
४. आधी पाण्याला वाट, मग लागवड. सखल रानात चर मिळून काढा.
५. जुनी झाडे राखा. नवी लावण्यापेक्षा ते स्वस्त पडते.
६. कडेपर्यंत नांगरू नका. दोन तासांच्या लोभाने दहा तास जातात.

यंदा पेरणीच्या आधी एक दिवस काढा, आणि शेजाऱ्याला बरोबर घेऊन आपल्या ओढ्याचा काठ पायी फिरून या. जी माती आपण धरून ठेवू ती आपली. जी सुटेल ती आसनेतून गोदावरीला जाणार, आणि वाटेतल्या धरणांत गाळ होऊन बसणार. ती मग ना आपल्या कामाची, ना कोरिंगाच्या जंगलाच्या.